प्रीआउटचं व्होल्टेज आणि व्हॉल्यूमचा आकडा: रिसिव्हर आणि पॉवर ॲम्पचा मेळ कसा घालावा

होम थिएटर रिसिव्हरला बाहेरचा पॉवर ॲम्प (सिग्नल वाढवून स्पीकर चालवणारं उपकरण) जोडला की लगेच एक शंका येते. आधी उणे २५ वर जेवढा आवाज मिळत होता, तेवढ्यासाठी आता उणे १८ पर्यंत जावं लागतं. मग नवा ॲम्प कमकुवत आहे का? कुणाकडे उलटं होतं, उणे ४० वरच कान दणाणतात आणि ॲम्प फार जोरकस असल्याची खात्री पटते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. पडद्यावरचा आकडा ताकद सांगत नाही. एका ठरलेल्या पातळीपेक्षा रिसिव्हरने सिग्नल किती खाली किंवा वर ठेवला आहे, एवढंच तो सांगतो. पुढे ॲम्पपर्यंत पोहोचतं ते प्रीआउटवरचं, म्हणजे रिसिव्हरच्या ज्या जोडणीतून बाहेरच्या ॲम्पकडे सिग्नल जातो तिच्यावरचं व्होल्टेज. ते व्होल्टेज समजलं की आकड्याची भीती जाते आणि खरी अडचण कुठे आहे तेही कळतं.

शून्य म्हणजे काय

बहुतेक रिसिव्हरांत व्हॉल्यूम दाखवण्याच्या दोन पद्धती असतात. सापेक्ष पद्धतीत आकडे उणे ८० च्या आसपास सुरू होतात, शून्यावर येतात आणि पुढे अधिक १६ किंवा १८ पर्यंत जातात. दुसऱ्या पद्धतीत ० पासून चढता आकडा असतो. डेनॉन आणि मरांट्झच्या रिसिव्हरांत तो ९८ पर्यंत जातो आणि त्यातला ८० म्हणजे सापेक्ष पद्धतीतलं शून्य. मेनूमध्ये निवड असेल तर सापेक्ष पद्धत घ्या, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावरच बसतं.

हे शून्य सिनेमाच्या मिक्सिंगमधून आलं आहे. थिएटरच्या संदर्भपातळीवर पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलची सरासरी खूणपातळी ८५ डेसिबल असते आणि त्यावर शिखरांसाठी २० डेसिबलची मोकळीक असते. म्हणजे एका चॅनलचं सर्वांत मोठं शिखर १०५ डेसिबल. खोल आवाजांच्या वेगळ्या एलएफई चॅनलला आणखी १० डेसिबल, म्हणजे ११५. मायक्रोफोन लावून रिसिव्हरचं कॅलिब्रेशन (स्पीकरांच्या पातळ्या मोजून जुळवणं) केलं की शून्यावर ठेवल्यास तुमच्या बसण्याच्या जागी हीच पातळी यावी, असा बेत असतो. घरच्या टेस्ट टोनची पातळी मुद्दाम १० डेसिबल खाली ठेवलेली असते, म्हणून मीटरवर तो ७५ डेसिबल दाखवतो.

कॅलिब्रेशन केलेलं नसेल तर शून्याला काहीच अर्थ नाही. दोन घरांतले व्हॉल्यूमचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात म्हणूनच हशील नाही. स्पीकर वेगळे, अंतर वेगळं, ट्रिम (रिसिव्हरने प्रत्येक चॅनलच्या पातळीत केलेली दुरुस्ती) वेगळी.

शून्याच्या वर अधिक १८ पर्यंत आकडे आहेत म्हणजे तेवढी स्वच्छ ताकद शिल्लक आहे, असंही समजू नका. ती मोकळीक कमी पातळीवर रेकॉर्ड झालेल्या स्रोतांसाठी आहे. पूर्ण पातळीचा सिग्नल तिथे नेला तर रिसिव्हर किंवा ॲम्प, कुणीतरी आधीच टेकलेलं, म्हणजे आपल्या मर्यादेला पोचलेलं असतं.

डेसिबलचं एवढं गणित पुरे

व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढतात आणि दहापट झालं की २०. वॉटचा हिशेब वेगळा: दुप्पट वॉट म्हणजे ३ डेसिबल, दहापट वॉट म्हणजे १०. व्हॉल्यूम ६ ने वाढवला तर प्रीआउटचं व्होल्टेज दुप्पट होतं आणि स्पीकरकडे चौपट वॉट जातात. उणे २० वरून उणे १० वर जाणं हाताला किरकोळ वाटतं, पण ॲम्पला दहापट वॉट द्यावे लागतात.

प्रीआउटवर एखाद्या क्षणी किती व्होल्ट आहेत ते चार गोष्टींच्या बेरजेने ठरतं: रेकॉर्डिंगची पातळी, मुख्य व्हॉल्यूम, त्या चॅनलची ट्रिम आणि रूम करेक्शनने (खोलीमुळे आवाजात पडणारा फरक भरून काढणाऱ्या सोयीने) त्या फ्रिक्वेन्सीला दिलेला उठाव. चौथी गोष्ट बरेच जण विसरतात. ऑडिसी नावाचं रूम करेक्शन एखाद्या फ्रिक्वेन्सीला ९ डेसिबलपर्यंत उचलू शकतं. तिथे मागणी जवळपास तिप्पट व्होल्टेजची होते आणि पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

पायरी १: ॲम्पचा गेन काढा

ॲम्पच्या माहितीपत्रकात गेन, म्हणजे ॲम्प व्होल्टेज किती वाढवतो तो आकडा, थेट डेसिबलमध्ये दिलेला असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकांचा २६ ते ३२ च्या दरम्यान असतो. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सचा आकडा २९ आहे. २९ डेसिबल म्हणजे व्होल्टेज सुमारे २८ पट. आत १ व्होल्ट गेला की बाहेर २८ व्होल्ट येतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ते १०० वॉट भरतात.

काही कंपन्या गेन न देता इनपुट सेन्सिटिव्हिटी देतात, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी लागणारं व्होल्टेज. समजा लिहिलं आहे: ८ ओहमवर २०० वॉट, सेन्सिटिव्हिटी १.६ व्होल्ट. वॉट गुणिले ओहम १६००, त्याचं वर्गमूळ ४०. पूर्ण ताकदीला ॲम्प ४० व्होल्ट देतो. ४० भागिले १.६ म्हणजे २५ पट, म्हणजेच २८ डेसिबल.

या आकड्याचा दुसरा अर्थ जास्त मोलाचा आहे. १.६ व्होल्टला हा ॲम्प टेकतो. रिसिव्हरने ४ व्होल्ट दिले तरी त्यातून एक वॉटही स्वच्छ वाढणार नाही. प्रीआउटचं व्होल्टेज जितकं जास्त तितका आवाज चांगला, हा समज इथेच सोडून द्यावा.

पायरी २: तुमच्या खोलीला किती व्होल्ट लागतात

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. समजा ८८ डेसिबल आहे. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर ८८ डेसिबल. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॉट होतात, हे ध्यानात असू द्या.

तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या जागेत तिथे जवळपास ९.५ डेसिबल कमी होतात, पण खोलीच्या भिंती काही परत देतात. ते ३ धरूया. म्हणजे खुर्चीपाशी २.८३ व्होल्टला ८१.५ डेसिबल मिळतात. शून्यावरच्या शिखराला १०५ हवेत, कमी पडतात २३.५. एवढे डेसिबल म्हणजे व्होल्टेज १५ पट, म्हणजे स्पीकरवर सुमारे ४२ व्होल्ट आणि ८ ओहमला सव्वादोनशे वॉटच्या आसपास.

आता मागे या. ॲम्पचा गेन २९ असेल तर प्रीआउटवर दीड व्होल्ट लागतात. २३ डेसिबल गेनचा ॲम्प असेल तर तेवढ्याच आवाजासाठी ३ व्होल्ट.

हे झालं शून्यावर. घरात इतक्या जोरात सिनेमा पाहणारे फार थोडे. उणे १५ वर ऐकत असाल, आणि तेही मोठ्या आवाजातच मोडतं, तर दीड व्होल्टची गरज पाव व्होल्टच्या जरा वर येऊन थांबते. स्पीकरला तेव्हा शिखरावर ७ वॉट पुरतात. हा हिशेब एकदा स्वतःच्या स्पीकरसाठी आणि स्वतःच्या अंतरासाठी करून पाहाच. प्रीआउट किती व्होल्टचा यावरून रिसिव्हर बदलायला निघालेल्या बऱ्याच जणांना आहे तोच रिसिव्हर पुरून उरतो, हे त्यातून दिसेल.

पायरी ३: रिसिव्हर खरंच किती देतो

माहितीपत्रकात प्रीआउटपुढे बहुधा १ किंवा १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. हा नाममात्र आकडा आहे. ठरावीक इनपुट दिलं की एवढं आउटपुट येतं, इतकाच त्याचा अर्थ. बरेच रिसिव्हर त्याच्या वरही जातात. उलट कुठे मोठा आकडा छापलेला असतो, पण त्या व्होल्टेजला विकृती (सिग्नलच्या मूळ आकारात होणारा बिघाड) किती हे लिहिलेलं नसतं. विकृतीशिवाय दिलेल्या कमाल व्होल्टेजला मी किंमत देत नाही. तुम्हीही देऊ नका.

स्वतः मोजणं अवघड नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. २०० हर्ट्झचा साइन टोन घ्या, पातळी पूर्ण डिजिटल स्केलच्या २० डेसिबल खाली. २०० हर्ट्झच का? स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात आणि फार खालचा टोन क्रॉसओव्हरमुळे (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज वाटून देणाऱ्या सोयीमुळे) सबवूफरकडे वळतो. ५० किंवा ६० हर्ट्झ वापरले तर घरच्या विजेची गुणगुणही मोजमापात मिसळू शकते.

पॉवर ॲम्प प्रीआउटपासून काढून ठेवा, रिसिव्हरवरच्या स्पीकरच्या वायरीही काढा. रूम करेक्शन, डायनॅमिक ईक्यू (व्हॉल्यूमनुसार सुरांचा तोल बदलणारी सोय), आवाज दाबणारे मोड, सगळं बंद. चॅनलची ट्रिम शून्यावर. प्रीआउटला आरसीए केबल लावून तिच्या मोकळ्या टोकाला एक प्रोब मधल्या पिनला आणि दुसरा बाहेरच्या कड्याला टेकवा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन वाचन लिहून घ्या. त्याला दहाने गुणलं की पूर्ण पातळीच्या शिखराला शून्यावर किती व्होल्ट निघतील ते मिळतं.

आता छत शोधायचं. पूर्ण पातळीचा टोन लावा, उणे २० पासून सुरुवात करा आणि ३-३ डेसिबलने वर जा. प्रत्येक पायरीला व्होल्टेज १.४ पट व्हायला हवं. जिथे वाढ त्याहून कमी होऊ लागते तिथे रिसिव्हरचा प्रीआउट टेकला. मीटरला फक्त ठळक क्लिपिंग (मर्यादेला पोचून सिग्नलची शिखरं कापली जाणं) दिसतं, विकृती त्याच्या आधीच चढायला लागलेली असते. म्हणून सापडलेल्या आकड्याच्या ३ डेसिबल खाली, म्हणजे त्याला १.४ ने भागून, आपली कामाची मर्यादा धरा. ही मर्यादा दुसऱ्या पायरीतल्या गरजेपेक्षा जास्त असेल तर प्रश्न संपला.

इथे एक बारकावा आहे. काही रिसिव्हरांत प्रीआउट वापरत असतानाही आतला ॲम्प त्याच सिग्नलवर चालू असतो. स्पीकर जोडलेले नसले तरी वरच्या व्होल्टेजला तो स्वतः क्लिप होतो आणि त्याची घाण थोडीफार प्रीआउटवर उतरते. आतला ॲम्प त्या चॅनलपासून तोडण्याची सोय ॲम्प असाइनच्या मेनूत असेल तर ती जरूर वापरा. वरच्या व्होल्टेजला फरक पडतो आणि रिसिव्हर थंडही राहतो.

पायरी ४: जोडा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा

जोडणी करताना दोन्ही उपकरणं बंद असू द्या. सुरू करताना आधी रिसिव्हर, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. १२ व्होल्टचा ट्रिगर (एका उपकरणावरून दुसरं चालू-बंद करणारी जोडणी) असेल तर हा क्रम बहुधा आपोआप सांभाळला जातो.

ॲम्पला एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) आणि आरसीए दोन्ही इनपुट असतील तर गेन दोन्हींचा सारखाच असेल असं गृहीत धरू नका. बॅलन्स्ड आउटपुटवर पुष्कळदा आरसीएच्या दुप्पट व्होल्टेज येतं आणि ॲम्प बनवणारे तेवढाच गेन एक्सएलआरवर कमी ठेवतात. मग आरसीएच्या रिसिव्हरमधून ॲडॉप्टर लावून एक्सएलआर इनपुटमध्ये गेलात तर ६ डेसिबल हकनाक गमावता. आरसीएमधून आरसीएमध्येच जा.

आता सुरुवातीच्या शंकेचं उत्तर. ॲम्प बदलला पण कॅलिब्रेशन जुनंच ठेवलं, म्हणून आकडा सरकला. आतल्या ॲम्पपेक्षा बाहेरच्याचा गेन ७ डेसिबल कमी असेल तर तेवढ्याच आवाजासाठी व्हॉल्यूम ७ ने वर न्यावा लागणार. पुन्हा मायक्रोफोन लावून मोजणी केलीत की रिसिव्हर तो फरक ट्रिममध्ये घालतो आणि उणे २५ पुन्हा पूर्वीच्याच आवाजाचं होतं. तिन्ही पुढचे स्पीकर बाहेरच्या ॲम्पवर आणि मागचे आतल्यावर असतील तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर पुढचे-मागचे यांचा तोलच बिघडतो.

पायरी ५: ट्रिम वाचा

कॅलिब्रेशननंतर मेनूत जाऊन प्रत्येक चॅनलची ट्रिम पाहा. गेनचा मेळ बसला की नाही याचं सगळ्यांत बोलकं उत्तर इथे मिळतं. बहुतेक रिसिव्हरांत ट्रिमची मर्यादा अधिक-उणे १० किंवा १२ डेसिबल असते.

आकडे उणे ६ ते अधिक ४ च्या टप्प्यात असतील तर काहीही करू नका. अधिक ८, अधिक १० दिसत असतील तर ॲम्पचा गेन कमी आहे किंवा स्पीकर मंद आहेत. उणे १५ वर ऐकणाऱ्याला त्यानेही अडचण येत नाही, पण शून्याच्या जवळ जाणाऱ्याने तिसऱ्या पायरीतली मर्यादा पुन्हा ताडून पाहावी. ॲम्पच्या मागे गेनचा स्विच असेल तर तो वरच्या खुणेवर टाकून परत कॅलिब्रेट करा.

अगदी टोकाचा आकडा आला, उणे १२ किंवा अधिक १२, तर तो खरा नसण्याची शक्यता धरा. रिसिव्हरला आणखी पुढे जायचं होतं, पण जागाच नव्हती. अशा वेळी बाकीच्या चॅनलशी तोल चुकलेला असतो. उणे टोकाला असाल तर सोबत बहुधा हिसही (सतत येणारी बारीक फुसफुस) ऐकू येते, कारण जास्त गेनचा ॲम्प रिसिव्हरचा स्वतःचा सूक्ष्म आवाजही मोठा करतो. ॲम्पवर लेव्हलचा नॉब असेल तर तो कमी करा. नसेल तर ॲम्पच्या इनपुटला १० किंवा १२ डेसिबलचा आरसीए ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) बसवा. हिस ॲम्पची स्वतःची आहे की रिसिव्हरकडून येते, हे तपासायला ॲम्प बंद करून केबल काढा आणि पुन्हा चालू करा. हिस तशीच राहिली तर ॲटेन्युएटरने काही होणार नाही. गुणगुण असेल तर तो बहुधा ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणाऱ्या वळणाचा) विषय असतो, गेनचा नाही.

सबवूफरचा हिशेब निराळा

सबचा प्रीआउट सगळ्यांत आधी टेकतो. एलएफईला १० डेसिबलची वाढ रिसिव्हरच्या आतच मिळते, शिवाय छोटे म्हणून नोंदवलेल्या सगळ्या स्पीकरांचे खोल आवाज त्याच एका वायरीवर जमा होतात. वरून सबची ट्रिम अधिक ५ असेल तर मोठ्या स्फोटाच्या प्रसंगी क्लिपिंग ठरलेलं. पुष्कळांना तेव्हा सबवूफरच कमकुवत वाटतो आणि ते नवा शोधू लागतात.

उपाय सोपा आहे. सबवरचा नॉब वाढवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे रिसिव्हरमधली ट्रिम खाली येईल. उणे ३ ते उणे ८ ही जागा मला योग्य वाटते. उणे १२ वर आदळेल इतका नॉब मात्र वाढवू नका. त्याशिवाय ऑटो ऑनवर चालणाऱ्या सबला जागं व्हायला काही मिलिव्होल्टचा सिग्नल लागतो. ट्रिम फार खाली नेली तर हळू आवाजात सब अधूनमधून झोपी जातो. तसं होत असेल तर ऑटो ऑन बंद करून तो कायम चालू ठेवा किंवा ट्रिगर वापरा.

सिनेमा, संगीत आणि स्ट्रीमिंग

सगळं नीट जुळवल्यावरही प्रत्येक स्रोताला आकडा वेगळा लागेल, आणि तो दोष नाही. सिनेमाच्या मिक्समध्ये शिखरांसाठी भरपूर जागा राखलेली असते, तर हल्लीची गाणी जवळजवळ पूर्ण पातळीपर्यंत भरलेली असतात. त्यामुळे सिनेमाला उणे १२ आणि गाण्यांना उणे २५ असं होणं स्वाभाविक आहे. युरोपात प्रसारणाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा सरासरी जोर मोजण्याचं एकक) ठरलेली आहे, अमेरिकेत उणे २४, तर नेटफ्लिक्स संवादांसाठी उणे २७ मागतं. हा फरक तुमच्या रिसिव्हरने निर्माण केलेला नाही.

रिसिव्हरमध्ये प्रत्येक इनपुटसाठी सोर्स लेव्हलची सोय असते, तिथे मोठ्या स्रोताला काही डेसिबल खाली घ्या. ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू वापरत असाल तर गाण्यांसाठी त्याचा रेफरन्स ऑफसेट (त्याचा परिणाम किती कमी करायचा ते ठरवणारी सेटिंग) १० किंवा १५ ठेवा, नाहीतर खालचे सूर फुगलेले वाटतात. स्रोत म्हणून जोडलेल्या संगणकाचा किंवा स्ट्रीमरचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा आणि आवाज फक्त रिसिव्हरवरून कमी-जास्त करायचा.

स्पीकर वाचवणाऱ्या मर्यादा

मेनूत कमाल व्हॉल्यूमची मर्यादा असते, ती लावून टाका. दुसऱ्या पायरीतल्या हिशेबावरून ॲम्प कुठे टेकतो ते आता माहीत आहे. रोज उणे १५ वर ऐकत असाल तर उणे ५ ची मर्यादा पुष्कळ झाली. सुरू होतानाचा व्हॉल्यूमही उणे ३५ किंवा ४० वर बांधून ठेवा, म्हणजे आदल्या रात्रीचा जोरदार आकडा सकाळी अंगावर येणार नाही.

पॉवर ॲम्पच्या जागी स्टीरिओ इंटिग्रेटेड ॲम्प (स्वतःचा व्हॉल्यूम नॉब असलेला ॲम्प) वापरत असाल तर त्यात होम थिएटर बायपास आहे का पाहा. तो चालू असला की त्याचा व्हॉल्यूम नॉब वाटेतून बाजूला होतो आणि गेन कायम राहतो. बायपास नसेल तर नॉब एका जागी ठेवून, तिथे खूण करून, त्याच जागेवर कॅलिब्रेशन करा. नॉब नंतर कुणी फिरवला तर पुढच्या दोन स्पीकरांचा तोल गेलाच म्हणून समजा.

झोन २ च्या (दुसऱ्या खोलीसाठीच्या) प्रीआउटला पॉवर ॲम्प जोडण्याआधी मेनूत त्याची पातळी फिक्स्ड आहे की व्हेरिएबल, हे दोनदा पाहा. फिक्स्ड असेल तर व्हॉल्यूमचं बटण कितीही दाबलं तरी पूर्ण व्होल्टेज सतत ॲम्पकडे जात राहतं, आणि अशा वेळी स्पीकर जळायला पहिलं गाणंच पुरतं. पहिल्यांदा जोडताना ॲम्पवर लेव्हलचा नॉब असेल तर तो तळाला ठेवा, रिसिव्हरवर आवाज खरंच कमी-जास्त होतो याची खात्री करून घ्या आणि मगच नॉब हळूहळू वर आणा.